कॅन्सरची ट्रीटमेंट: टाटा, कोल्हापूर की इथेच जवळ, आणि पैसे कोण भरणार

आमच्या काकीला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा काकांचा कणकवलीहून फोन आला आणि त्यांनी एकच विचारलं, "रे, हिका मुंबैक न्हेवया की कोल्हापुराक, काय ता एकदाच सांग." मी डॉक्टर नाही, पण चार ठिकाणी फोन केले, फायली घेऊन फिरलो, आणि तेव्हापासून दर एक-दोन महिन्यांनी वाडीतला कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतोच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आपण काय करतो, आधी हॉस्पिटल ठरवतो आणि मग पैशाचं बघू म्हणतो. इथेच घोळ होतो, कारण कॅन्सरमध्ये ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन असे तीन तुकडे असतात आणि एखादं हॉस्पिटल योजनेत ऑपरेशनसाठी बसतं पण रेडिएशनसाठी बसत नाही, किंवा त्यांच्याकडे मशीनच नसतं. बाहेर "योजना लागू" असा बोर्ड बघून आत गेलात की अर्ध्यात समजतं, उरलेलं दुसरीकडे करा. म्हणून पहिल्या दिवशी विचारायचं की या तिन्हीपैकी काय काय इथे होणार आणि कशाचे पैसे कोण देणार.

आता योजना आणि मेडिक्लेम, दोन्ही शेजारी ठेवून बघू. महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली तीच, तिची मर्यादा पूर्वी दीड लाख होती, आता आयुष्मान भारतबरोबर जोडून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख झालीय आणि जुलै २०२४ पासून सगळ्या रेशन कार्डवाल्यांना लागू आहे, पांढऱ्या कार्डालासुद्धा. हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा माणूस बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जायचं, आधी म्हणजे अॅडमिट व्हायच्या आधी. योजनेचा मोठा फायदा म्हणजे वेटिंग पिरियड, म्हणजे इतकी वर्षं थांबा मगच पैसे, वगैरे भानगड नाही, आजार आधीचा असला तरी चालतो. तोटा म्हणजे सगळं पॅकेजवर चालतं, ठराविक उपचाराला ठराविक रक्कम, आणि मंजुरीच्या आधीच्या तपासण्या बहुतेक वेळा तुमच्या खिशातूनच जातात. आमच्याकडून एका ठिकाणी पेट स्कॅनचे, म्हणजे कॅन्सर कुठे पसरलाय ते बघायच्या स्कॅनचे, पैसे रोख घेतले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले आता योजनेत घेतो, पावती मागितली तर साध्या कागदावर लिहून दिली! त्या कागदाचा कुठेच उपयोग झाला नाही.

मेडिक्लेम असेल तर हॉस्पिटल निवडायला मोकळीक जास्त, पण पॉलिसीचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. तीन गोष्टी चावतात. एक, रूम रेंटची मर्यादा, म्हणजे लिमिटपेक्षा भारी खोली घेतली तर फक्त खोलीचंच नाही, डॉक्टरच्या फीसकट बरंच बिल त्या प्रमाणात कापतात. दोन, इम्युनोथेरपी, तोंडाने घ्यायची केमो, रोबोटिक सर्जरी असल्या उपचारांना बऱ्याच पॉलिसीत वेगळी आणि कमी मर्यादा असते, पाच लाखाची पॉलिसी असून हातात येतात भलतेच पैसे. तीन, आधीच्या आजाराचं वेटिंग, आता जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं, पूर्वी चार होतं. बाकी केमोसाठी चोवीस तास अॅडमिट राहायची गरज नाही, डे केअरमध्ये बसते, हे आमच्याच एजंटला माहीत नव्हतं. कॅशलेसच्या अर्जाला एका तासात उत्तर द्यायचं असं २०२४ पासून इरडाने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, कंपन्यांना सांगितलंय, आणि क्लेम नाकारलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, मग विमा लोकपाल, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. क्रिटिकल इलनेसची पॉलिसी वेगळी, ती एकरकमी पैसे देते, पण एकदम सुरुवातीच्या स्टेजला बहुतेक वेळा देत नाही.

मुलगा मुंबईत नोकरीला आहे आणि कंपनीच्या पॉलिसीत आईवडील आहेत, तर आधी ती वापरा, योजना मागे राखून ठेवा. कॅन्सर एका वर्षात संपेलच असं नसतं.

आता जागा. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे, खारघरलाही त्यांचं सेंटर आहे. फाइल जनरल किंवा प्रायव्हेट कॅटेगरीत निघते, जनरलमध्ये खर्च खूपच कमी येतो. डॉक्टर एकटा ठरवत नाही, सर्जन, केमोवाला, रेडिएशनवाला एकत्र बसून ठरवतात आणि माझ्या मते टाटाला जायचं खरं कारण हेच आहे, स्वस्ताई नंतर. पण गर्दी भयंकर, तपासणीच्या तारखांना आठवडे जातात आणि राहायचा प्रश्न उरतोच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथे सोय होते, पण जागा मिळाली तर. काकी तर म्हणाली, "माका नको ती मुंबई, थयसर मेल्यापेक्षा हयसर बरा." रेल्वेचं मात्र विसरू नका, कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते, हॉस्पिटलचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. तुतारी एक्सप्रेस थेट दादरला सोडते.

कोल्हापूर आपल्याला जवळ, फोंडा घाट चढला की तीन-साडेतीन तास. पावसात घाट बंद पडला तर मात्र बसा. रेडिएशनची मशीनं आहेत, योजना आहे, गर्दी टाटाएवढी नाही. तोटा असा की दर्जा हॉस्पिटलागणिक बदलतो. गोवा, म्हणजे बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज, सावंतवाडी-दोडामार्गवाल्यांना सगळ्यात जवळ, पण जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना पैसे पडतात. चिपळूणकडच्यांनी डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलात आधी विचारून बघावं, टाटाबरोबर मिळून तिथे वर्षानुवर्षं गावोगाव कॅन्सर तपासण्या चालू आहेत.

दर्जा म्हणजे काय ते कसं ओळखायचं? चकाचक लॉबीवरून तर नाही. विचारा, ट्यूमर बोर्ड बसतो का, म्हणजे टाटासारखे सगळे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात का. ईआर, पीआर, हर-टू या गाठीच्या तुकड्यावरच्या, कुठलं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या तपासण्या केल्याशिवाय स्तनाच्या कॅन्सरची केमो ठरवत असतील तर तिथून उठा. रेडिएशनला मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे डोसाचं गणित बघणारा माणूस, आहे का आणि मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का तेही विचारा, आपला हक्क आहे. हॉस्पिटल नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आहे का बघा, २०१२ साली टाटाच्या पुढाकाराने हे जाळं सुरू झालं, उपचारांच्या समान मार्गदर्शक सूचना त्यांनी काढल्यात आणि औषधं एकत्र खरेदी करून दर पाडून घेतात. आणि बायोप्सीचे स्लाइड्स आणि ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, मागून घ्या, ते तुमचे असतात, दुसरं मत घ्यायला तेच लागतात.

आता माझं खरं रडगाणं. पॅकेजचा दर कमी ठेवला आणि पैसे हॉस्पिटलला महिनोन्महिने मिळाले नाहीत तर काय होणार, एक तर पेशंट परत पाठवणार नाहीतर तपासण्या गाळणार, आणि दोन्हीत मरण आपलंच. उलट नुसता दर वाढवून दिला आणि दर्जा कोणीच बघितला नाही तर तो पैसा लॉबीच्या लाद्यांत जातो. आयुष्मानमध्ये एनएबीएच, म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र, असलेल्या हॉस्पिटलला पॅकेजवर जादा दर मिळतो, हे मला पटतं, पण कॅन्सरसाठी त्याच्यापुढे जायला हवं, ट्यूमर बोर्डाचा कागद फाइलला असेल तर जादा दर, नसेल तर नाही. आणि सुरुवातीच्या तपासण्या, आयएचसी (त्याच ईआर-पीआरवाल्या), स्कॅन हे पॅकेजमध्ये यायलाच हवेत, कोकणातल्या माणसाला तर राहण्याखाण्याचाही खर्च त्यातच धरा. आमदार निवडणुकीत रस्त्याबद्दल ऐकतो ना, हेही ऐकवा. योजनेत असून कोणी रोख पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा, तारीख आणि रक्कम सांगून, आणि पावती छापील घ्या. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवायच्या असतात, तेही विचारा, आपणहून कोणी सांगत नाही.

आम्ही शेवटी मधला रस्ता काढला. प्लॅन आणि ऑपरेशन टाटात, केमो आणि रेडिएशन कोल्हापुरात योजनेतून. स्तनाच्या रेडिएशनला आता बऱ्याच पेशंटना पंचवीसऐवजी पंधरा वेळा बोलावून भागतं, म्हणजे पाच आठवड्यांऐवजी तीन, हे टाटाच्या डॉक्टरांनी प्लॅनमध्येच लिहून दिलेलं, नाहीतर कोल्हापुरात कोणी पंचवीस सांगितलं असतं तर आम्ही मान डोलावली असती. घशा-तोंडाच्या कॅन्सरला मात्र सहा-सात आठवडे धरा, तिथे राहायची सोय आधी बघा, मध्ये खाडे झालेले चालत नाहीत. काकी भाचीकडे तीन आठवडे राहिली, शुक्रवारी रेडिएशन झालं की अर्ध्या तिकिटात एसटीने फोंड्याला उतरायची, काका गाडी घेऊन थांबलेले असायचे, आणि रविवारी संध्याकाळी परत वर.