चित्रं टांगायची पट्टी: एका पावसाळ्यानंतर

वेंगुर्ल्यात आमची पुढची खोली दहा बाय बारा. दोन दरवाजे, एक खिडकी आणि कपाट वजा केलं की चित्रांना दीड भिंत उरते. चित्रं सव्वीस: पिंगुळीच्या चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गायच्या कलेची, नऊ, सावंतवाडीच्या गंजिफा पत्त्यांच्या चार चौकटी, बाकी मित्रांची जलरंगातली. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची. खिळा एक तर सांध्यात जाऊन ढिला पडतो, नाहीतर गिलाव्याचा पोपडा घेऊन खाली येतो. म्हणून गेल्या दिवाळीत छताखाली ॲल्युमिनियमच्या सहा फुटी दोन पट्ट्या लावून घेतल्या. तारा, हुक धरून ३,४०० रुपये.

दर फुटाला ड्रिल आणि गिट्टी, एकदाच. नंतर भिंतीला हात लावायचा नाही. तार पट्टीत सरकवा, हुक वर-खाली करा.

डोकेदुखी दोन. चौकटीची वरची कड किंचित पुढे झुकते आणि खाऱ्या वाऱ्यावर चित्र भिंतीला टकटक करतं. मागे खाली दोन रबरी बटणं चिकटवली, आवाज थांबला. त्यामुळे मागे बोटभर पोकळी राहिली आणि पावसात तीच कामाला आली! खिळ्यावरच्या चौकटी भिंतीला टेकायच्या, पुठ्ठ्याला बुरशी धरायची. यंदा पुठ्ठे कोरडे. एका चित्राचा रंग मात्र काचेला चिकटला, पण त्यात पट्टीचा दोष नाही. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची कड, न घालण्याची कंजुषी माझी. दुसरी डोकेदुखी तारांची. स्टीलच्या म्हणून दिलेल्या दोन तारा ऑगस्टमध्ये तांबूस झाल्या. नायलॉनच्या घातल्या, त्या थोड्या ताणतात, अधूनमधून हुक वर घ्यावा लागतो.

पट्टी आली तेव्हा हावरटासारखी सगळी चित्रं टांगली होती. आई म्हणाली, "अरे, ह्यां घर आसा काय दुकान?" खरं तर चित्रकथी ओळीने लावायची वस्तूच नव्हे. सांगणारा पोथीतलं एक चित्र समोर धरतो, तेवढा प्रसंग गातो, मग पुढचं. नऊ एकदम लावल्यावर गोष्ट कुठून सुरू होते तेच कळेना. गंजिफाचंही तसंच. दशावतारी जोडात १२० पानं, दहा अवतारांची बारा-बारा. माझ्याकडे सोळाच, तीही चार चौकटींत विखुरलेली. मत्स्याची पाच एका चौकटीत आणली, तेव्हा कुठे ती एका घरची दिसायला लागली.

तेव्हापासून एरवी भिंतीवर सहा, बाकी कापडात गुंडाळून ट्रंकेत. दोन महिन्यांनी अदलाबदल. पश्चिमेच्या उन्हात कागदावरचे रंग उडतात, त्यामुळे हे बरंच.

चतुर्थीला पट्टीचं खरं चीज झालं. आमच्याकडे गणपतीमागची भिंत रंगवतात. पूर्वी खिळे उपटा, भोकं बुजवा, मग रंग. यंदा दहा मिनिटांत भिंत मोकळी. चुलतभावाने तिच्यावर निळा मोर काढला. विसर्जनाला तीन आठवडे झाले, मोर पुसवत नाही. पट्टीवर सध्या एकच चित्र आहे, तेही दाराकडच्या अर्ध्या भिंतीवर.