आठ महिने पीईटी पट्टी आणि बॅटरीवरचं स्ट्रॅपिंग मशीन: ८०० किलोच्या कास्टिंग पॅलेटवरचा अनुभव

शिरोलीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. पंपाच्या आणि गिअरबॉक्सच्या केसिंगच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग करून बहुतेक माल चाकणला जातो, महिन्यातून एखादं पॅलेट (माल रचून बांधायची लाकडी चौकट) न्हावा शेवा बंदरात. एका पॅलेटवर साधारण ८०० किलो. आता आम्ही माल पीईटीच्या, म्हणजे पॉलिएस्टर प्लॅस्टिकच्या, पट्टीने आणि बॅटरीवरच्या मशीनने बांधतो, पण गेल्या जूनपर्यंत १९ मिमीची लोखंडी पट्टी मारत होतो. हाताने ओढायची, क्लिप दाबायची. पट्टी इतकी ताठ बसायची की बोटाने टिचकी मारली तर वाजायची. आणि चाकणला गाडी उघडली की गिऱ्हाइकाचा फोटो यायचा: पट्टी लोंबकळतेय, वरचा थर चार बोटं सरकलेला. एकदा ड्रायव्हरच म्हणाला, "शेठ, पट्टी बांधलीय का गळ्यात माळ घातलीय?"

आम्ही वर्षभर ट्रान्सपोर्टवाल्याला दोष देत बसलो. खरं कारण आमच्याच पॅलेटमध्ये होतं. थरांमधला पुठ्ठा दबतो, ओलं लाकूड वाळून आकसतं, हादऱ्यांनी माल खाली बसतो. दोन-तीन मिलिमीटर जरी बसला तरी लोखंडी पट्टीचा ताण संपला, कारण ती जवळजवळ ताणतच नाही. पीईटी ओढताना थोडी लांबते आणि माल बसला की तेवढीच मागे येते. कमी ताठ वाटणारी पट्टी शेवटपर्यंत धरून राहते, हे डोक्यात बसायला मला महिना लागला. (खोक्यांना मारतात ती पिवळी-निळी पीपी पट्टी यासाठी नको. ती रात्रभरातच सैल पडते.)

आम्ही १६ मिमी रुंद, ०.९ मिमी जाडीची घेतो. वजनावर विकतात आणि किलोचा भाव ऐकून आमच्या अकाउंटवाल्याने कपाळाला हात लावला होता. पण एका किलोत ही जवळपास ५० मीटर भरते, आमची जुनी लोखंडी १३ मीटर. पॅलेटला चार वेढे म्हणजे १६ मीटर: पीईटी सव्वातीनशे ग्रॅम, लोखंडी सव्वा किलो. हिशेब तिथेच मिटला. शिवाय लोखंडी पट्टी कापताना सपकन उसळते, आमच्या एका पोऱ्याच्या भुवईवर तिची खूण आहे.

आता मशीनबद्दल. पट्टी ओढतं, घासून गरम करून चिकटवतं आणि कापतं, क्लिप लागत नाही. पहिले दोन महिने मस्त. मग जॉइंट सुटायला लागले, रोज दोन-तीन. दुरुस्तीवाला आला, चाक उघडलं आणि आतून बिडाची काळी भुकटी काढून दाखवली. पट्टीवर धूळ, कूलंट (मशीनिंग करताना सोडतात ते थंड करणारं द्रावण) किंवा पाणी असेल तर जॉइंट वरून चिकटल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. आता रोल लेथपासून लांब, पिशवीत झाकून ठेवतो, आणि दर शनिवारी ओढणारं चाक तारेच्या ब्रशने साफ होतं. तेव्हापासून तक्रार जवळजवळ नाही. तरी जॉइंट मूळ पट्टीपेक्षा कमजोरच असतो, म्हणून पट्टीच्या डब्यावर लिहिलेल्या ताकदीतून पाव भाग वजा करूनच मी वेढे मोजतो.

पीईटीचा खरा शत्रू म्हणजे धार. मशीनिंग केलेल्या फ्लँजच्या (केसिंगच्या बाहेर आलेल्या चपट्या काठाच्या) कडेवर ती सुरीने कापल्यासारखी तुटते. ऑगस्टमध्ये खंबाटकी उतरताना एक पॅलेट असंच मोकळं झालं. कोपऱ्याला जाड पुठ्ठ्याचा अँगल घातल्याशिवाय आता कुणी पट्टी मारत नाही. अँगल घालायला जागाच नाही अशा कास्टिंगला अजूनही लोखंडीच मारतो.

आणखी एक गैरसमज: पट्टी माल सरकू देत नाही. पट्टी फक्त खाली दाबते. रस्त्याच्या वाहतुकीत ब्रेकसाठी वजनाच्या ०.८ पट पुढे आणि वळणासाठी ०.५ पट बाजूला एवढा जोर धरून चालायचं असतो. आमच्या ८०० किलोला पुढे ६४० किलोचा धक्का! तो चार पट्ट्यांवर सोडणं वेडेपणा. आम्ही खालच्या थराला चारी बाजूंनी लाकडी गुटके ठोकतो आणि खाली रबर मॅट टाकतो. सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच होती, आणि ती कुठल्याही मशीनशिवाय झाली असती. स्ट्रेच रॅप (ताणून गुंडाळायचा पातळ प्लॅस्टिक कागद) धुळीपुरता, कास्टिंगला तो काय धरणार.

गंजाने मात्र खूप छळलं. निर्यातीचं पॅलेट आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लागतं: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं, वर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि एचटी (हीट ट्रीटमेंट) अक्षरं. मी समजायचो शिक्का म्हणजे लाकूड वाळलेलं. तसं नाही. या प्रक्रियेत कीड मरते, ओल राहू शकते. जुलैत मशीन केलेल्या पृष्ठभागावर फळ्यांच्या मापाचे तांबूस पट्टे उठले, अगदी फूटपट्टी लावून आखल्यासारखे. आता माल व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या) पिशवीत सील करतो आणि लाकूड व पिशवीमध्ये प्लॅस्टिक शीट घालतो. दुसरी गोष्ट, आमच्या सुताराने शिक्क्याच्या पॅलेटची तुटलेली फळी साध्या फळीने बदलली होती. क्लिअरिंग एजंटने ते पकडलं म्हणून बरं, नाहीतर तिकडच्या बंदरावर अडकलो असतो.

मशीन चार किलोच्या आसपास आहे. उभे वेढे मारताना ठीक, पण आडवा वेढा मारायचा तर दुपारपर्यंत मनगट बोलायला लागतं. बॅटरी पूर्ण शिफ्ट पुरत नाही, दुसरी घ्यावीच लागली, आणि ती वेगळी घेताना महाग पडली. पट्टी ओढायचा जुना हाताचा टेन्शनर मी विकलेला नाही. लोडशेडिंगच्या दिवशी गाडी दारात उभी असते तेव्हा तोच बाहेर निघतो.