कॉलेज स्कोअरकार्ड: पगार दिसतो, कर्ज अर्धंच दिसतं (५ पैकी साडेतीन स्टार)

अमेरिकेच्या शिक्षण खात्याची साईट आहे ही, फुकट. कॉलेज टाका, कोर्स निवडा, की तो करून बाहेर पडलेले लोक किती कमावतात आणि डोक्यावर किती कर्ज घेऊन बाहेर पडतात ते शेजारीशेजारी येतं. मी पहिल्यांदा उघडली २०२२ मध्ये, न्यू जर्सीत, रात्री पोरं झोपल्यावर. ग्रीन कार्ड येऊन दोनच महिने झाले होते, एच-फोरवर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावरचा डिपेंडंट व्हिसा) असताना फेडरल लोन, म्हणजे सरकारी शैक्षणिक कर्ज, मिळतच नाही त्यामुळे इतकी वर्षं हा विषयच नव्हता, आणि आता फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा फॉर्म, भरता येणार म्हटल्यावर मी जरा हवेतच होते.

करायचा होता रेडिओग्राफीचा असोसिएट डिग्री कोर्स, दोन वर्षांचा, म्हणजे आपला एक्स-रे टेक. पर्याय दोन. एक हायवेलगतचं खाजगी कॉलेज, नाव घेत नाही, त्यांचा ॲडमिशनवाला दिवसातून दोनदा फोन करायचा, सीट भरत आल्यात मॅम, आजच डिपॉझिट टाका. सगळं धरून ४६ हजार डॉलर. दुसरं आमच्या काउंटीचं (जिल्ह्याचं) सरकारी कम्युनिटी कॉलेज, फी याच्या एक तृतीयांशसुद्धा नाही, पण आधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी करा, मार्क आणा, मग नंबर लागला तर लागला. माझी कोल्हापूरची बीएस्सी मायक्रो होती, पण विषय जुने झाले म्हणून परत करायला लावले. रडले थोडी, पण केले.

आता साईटची गंमत बघा. त्या खाजगी कॉलेजात मुलांचं कर्ज वीस हजारांच्या आत दाखवत होतं. फी ४६ आणि कर्ज वीस? मला वाटलं बाकीचे सगळे घरून पैसे आणतात की काय. मग खालचं बारीक अक्षर वाचलं तर कळलं की हा आकडा फक्त फेडरल लोनचा, तोही कोर्स पूर्ण केलेल्यांचा. आणि फेडरल लोनला मुळात लिमिट आहे, माझ्यासारख्या इंडिपेंडंट (आईवडिलांवर अवलंबून नसलेल्या) विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ९,५००, दुसऱ्या वर्षी १०,५००, झाले वीस. वरचे २६ हजार बँकेचं प्रायव्हेट लोन, ते या साईटला दिसतच नाही!! ॲडमिशनवाल्याने ज्या बँकेचा फॉर्म पाठवला तिचा व्याजदर ११ टक्के होता, दहा वर्षांत फेडायचं तर दोन्ही मिळून महिन्याला पावणेसहाशेच्या वर हप्ता. मी वहीत मांडून नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला अगं हा तर गाडीचा हप्ता आहे, फक्त गाडी नाही.

बरं पगार दोन्हीकडून सेमच. हॉस्पिटल कॉलेजचं नाव बघत नाही, एआरआरटीची, म्हणजे एक्स-रे टेकना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची, परीक्षा पास आहात का ते बघतं. लेबर खात्याचे मे २०२४ चे आकडे घ्या, एक्स-रे टेकचा मीडियन (अगदी मधला) पगार वर्षाला ७७,६६० डॉलर आणि मेडिकल असिस्टंटचा ४४,२००. हे मुद्दाम सांगतेय कारण त्याच ॲडमिशनवाल्याने मला आधी मेडिकल असिस्टिंगच चिकटवायला बघितलं होतं, 'हेल्थकेअरच आहे ना मॅम'. हो बाबा, हेल्थकेअरच आहे.

स्कोअरकार्डचा एक स्टार कापला तो इथे, आमच्या कम्युनिटी कॉलेजच्या कोर्ससमोर पगाराच्या जागी काहीच नव्हतं. बॅच लहान असली की प्रायव्हसीसाठी आकडा झाकतात, आणि असे कोर्स लहानच असतात, आमच्या वर्गात २२ जण होते. म्हणजे स्वस्तातला चांगला पर्याय कोरा आणि महागाचा गुळगुळीत आकड्यांनी भरलेला. मला वाट सापडली दुसरीकडे, जेआरसीईआरटी ही असे कोर्स तपासून मान्यता देणारी संस्था, तिची मान्यता असलेल्या प्रत्येक रेडिओग्राफी कोर्सला एआरआरटीची परीक्षा पहिल्या झटक्यात किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जणांनी कोर्स पूर्ण केला हे जाहीर करावंच लागतं, कॉलेजच्या पेजवर तळाशी कुठेतरी असतं. तिसरा आकडा आधी बघा. आमच्या २२ पैकी १५ जण शेवटपर्यंत टिकले, उरलेल्या सात जणांचं कर्ज स्कोअरकार्डच्या त्या आकड्यात कुठेच नाही.

अर्धा स्टार कापला तो वेळेचा. क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष काम, बिनपगारी, आठवड्यात तीन दिवस, पावणेसातला हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये हजर, त्या दिवसांचं डेकेअर वेगळं. एक्स-रेवर डावी-उजवी बाजू दाखवणारे, आपल्या नावाची अक्षरं कोरलेले एल आणि आर मार्कर स्वतः विकत घ्यायचे, माझा आर पहिल्याच महिन्यात एका आजोबांच्या चादरीबरोबर लाँड्रीत गेला, परत मागवला. हे पैसे कुठल्या कॅल्क्युलेटरमध्ये येणार?

मी एकूण ११ हजार फेडरल लोन घेतलं, अर्धं ५.५० टक्क्यांनी, अर्धं ६.५३ ने, बाकी क्लिनिकल नसलेल्या दिवशी दुकानात काम करून भागवलं. मे २०२५ मध्ये पास, सहा महिने ग्रेस (हप्त्यातून सूट), मग हप्ता १२० च्या आसपास. संध्याकाळच्या शिफ्टला ताशी ३६ डॉलर मिळतात, म्हणजे एका शिफ्टमध्ये महिन्याचा हप्ता निघतो आणि वर उरतात.

साईट वापरा, जरूर वापरा, पण महागडं कॉलेज गाळायला. परवा जाऊबाईंनी सोनोग्राफीच्या कोर्सचा स्क्रीनशॉट पाठवला, पगार बघ म्हणे केवढा. मी विचारलं फी किती. त्या म्हणाल्या ते फोन करून सांगणार आहेत.