मैदानातला शो की सभागृहातला? वागणूक कुठे बरी

पुतणीचं ठरत नाहीये, आईला घेऊन गाण्याच्या कार्यक्रमाला जायचंय, पण मैदानावरच्या मोठ्या शोला की नागपूरच्या वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या ठिकाणी. आवाज, लायटिंग सोडा, मी फक्त माणसं कशी वागतात तेवढंच सांगतो.

गेट. मैदानावर खरी परीक्षा इथेच, गार्ड बहुतेक एजन्सीचे, त्या एका रात्रीपुरते आणलेले, कोणतं तिकीट कोणत्या गेटचं हे त्यांनाच माहीत नसतं मग इकडून तिकडे पिटाळतात आणि वरून खेकसतात. बाटली, पॉवरबँक, परफ्यूम गेटवरच गेलं समजा. बायकांची तपासणी बाई गार्डनेच करायची, ती नसेल तर तिथेच थांबून मागायची, लाजायचं काय त्यात. सभागृहात तिकीट फाडलं की आत.

आत गेल्यावर मात्र उलटं. सभागृहात टॉर्च दाखवून खुर्चीपर्यंत नेतात, म्हाताऱ्यांशी गोड बोलतात, पण मोबाइल वर काढला की तोच टॉर्च तोंडावर, आणि उशीर झाला तर गाणं संपेपर्यंत दाराबाहेर (मला तर हे पटतं बाप्पा). मैदानात नाचा, ओरडा, कोणी विचारत नाही.

वाद झाला तर? गार्ड म्हणजे पोलीस नाही. खाजगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्याने त्याच्याकडे फोटोवालं ओळखपत्र पाहिजे, नाव बघून ठेवा, धक्काबुक्की केली तर 112 लावा. सभागृहात निदान मॅनेजर सापडतो, मैदानात आयोजक कुठे शोधता?

आई सोबत असेल तर सभागृहच. मैत्रिणींचा घोळका असेल, रिकाम्या हाताने लवकर पोचणार असाल तर मैदान.