सोन्याचा मुलामा की चांदीचा? ट्रम्पेटच्या माउथपीसचा काही महिन्यांचा अनुभव

आधीच सांगून टाकतो: सोन्याच्या मुलाम्यामुळे माझ्या ट्रम्पेटचा आवाज बदललेला नाही. बदललं ते ओठ आणि रिम (माउथपीसचा ओठाला टेकणारा गोल काठ) यांचं एकमेकांशी जमणं. आवाज बदलत नसला तरी वाजवणाऱ्याला ही गोष्ट छोटी नाही. तास-दीड तास सलग वाजवून ओठ जड झाले की पुढचा सूर स्वच्छ लागणार की फुटणार, हे कित्येकदा तिथेच ठरतं.

मी कित्येक वर्षं बाख कंपनीचा ३सी मापाचा माउथपीस वाजवतोय, चांदीच्या मुलाम्याचा. सोन्याचा घेतानाही ३सीच घेतला. अशी तुलना करायची तर माप तेच हवं, यावर मी ठाम आहे. बाखच्या पद्धतीत आकडा लहान होत जातो तसा कप, म्हणजे रिमच्या आतली वाटी, साधारणपणे रुंद होतो. अक्षरावरून खोली कळते: ए सगळ्यात खोल, सी मध्यम, ई उथळ. ३सीचा कप १६.३० मि.मी. आणि ७सीचा १६.२० मि.मी. असं कंपनीचं माप आहे. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा, शिवाय दोन्हींच्या रिमचा आकारही वेगळा, आणि ओठांना तो पहिल्या फुंकेतच कळतो. ७सी चांदीचा आणि ३सी सोन्याचा वाजवून कुणी म्हणालं की ‘सोन्यावर मोकळं वाटतं’, तर ते सोन्याचं श्रेय नाही, मापाचं आहे.

माप एक असलं तरी आणखी एक गोष्ट आडवी येते. मुलामा चढवण्याआधी माउथपीसला पॉलिश करतात. त्या पॉलिशमध्ये रिमची आतली कड जरा जास्त घासली गेली, की तीच रिम बोथट आणि मऊ वाटू लागते. एकाच मापाचे दोन नग म्हणूनच हुबेहूब सारखे असतीलच असं नाही. ही शंका मनातून जावी म्हणून मी बँडमधल्या एका मित्राचा स्क्रू-रिमचा माउथपीस बरेच दिवस मागून घेतला. त्याचा कप तोच राहतो, फक्त रिम फिरवून काढायची आणि दुसरी बसवायची. त्याच्याकडे एकाच घडणीच्या दोन रिम आहेत, एक चांदीची आणि एक सोन्याची. पुढे जे लिहितोय ते माझ्या दोन माउथपीसवर जाणवलं आणि त्याच्या दोन रिमवरही तसंच जाणवलं. जे एकाच जोडीवर जाणवलं ते मी सोडून दिलंय.

मुख्य फरक घसरण आणि पकड यांचा आहे. चांदीची रिम ओठाला धरून ठेवते. ओठ किंचित कोरडे असले तर ती कातडीला जवळजवळ चिकटते, आणि जिथे टेकवली तिथेच राहते. सोन्याची रिम ओठावर सरकते. सरकते म्हणजे निसटते असं नाही. तिच्याखाली ओठाला हलायला वाव मिळतो. बोटाने चाचपून पाहिलं तर हा फरक फारसा कळत नाही, ओठाला मात्र लगेच कळतो.

सगळ्यात आधी हे जाणवलं लिप स्लरमध्ये. खालच्या ‘सी’ सुरावरून ‘जी’, तिथून वरचा ‘सी’ आणि मग ‘ई’, हे व्हॉल्व्हला हात न लावता फक्त ओठांनी आणि हवेने चढत जायचं. चांदीवर मला प्रत्येक टप्प्यावर एक बारीक पायरी लागायची. ओठाचा मधला भाग आवळला जायचा, पण रिमखालची कातडी जागेवर अडकून राहायची आणि मग एकदम सुटायची. सोन्यावर ती पायरी जवळपास गेली. मोठ्या उड्यांमध्ये, म्हणजे खालच्या सीवरून थेट वरच्या सीवर जाताना, फरक आणखी ठळक आहे. याचा अर्थ सोन्याने माझे स्लर सुधारले असा नाही. हवा कमी पडली की स्लर सोन्यावरही तुटतोच. फक्त ओठाला होणारा एक अडथळा कमी झाला.

दुसरी जागा आहे श्वास घेतल्यानंतरची. लांबलचक फ्रेज संपते, तोंडाच्या कोपऱ्यांतून श्वास घ्यायचा आणि पुढचा सूर लगेच लावायचा. इतक्यात रिम पुन्हा नेमकी बसायला हवी. तालमीच्या सुरुवातीला दोन्ही धातूंवर हे सहज जमतं. शेवटच्या अर्ध्या तासात ओठ सुजल्यासारखे होतात, कोरडे पडतात, आणि मग चांदीवर रिम जरा चुकीच्या जागी टेकली की तिथेच रुतते. तिला सरकवायची तर उचलून पुन्हा ठेवावी लागते, आणि तेवढा वेळ कुणी देत नाही. सोन्यावर ती टेकवतानाच आपल्या जागेवर येते. माझ्यासाठी या माउथपीसचं खरं मोल इथे आहे. उत्तरार्धात फुटणारे सूर कमी झाले. माझा दम तोच आहे आणि सरावही तेवढाच आहे.

आता सोनं ‘ऊबदार’ वाटतं या समजुतीविषयी, कारण ट्रम्पेट वाजवणारे हे हमखास सांगतात. उष्णतावाहकतेचे आकडे पाहिले तर शुद्ध चांदी सुमारे ४२९ वॅट प्रति मीटर-केल्विन आणि सोनं सुमारे ३१८. सोनं उष्णता थोडी कमी वाहून नेतं हे खरं. पण माउथपीस सोन्याचाही नसतो आणि चांदीचाही नसतो, तो पितळेचा असतो. वरचा मुलामा मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका पातळ. ओठाची ऊब त्या पापुद्र्यात थांबत नाही, सरळ खालच्या पितळेत उतरते, आणि पितळ दोन्हींत सारखंच. थंड खोलीत दोन्ही माउथपीस शेजारी ठेवून एकामागोमाग ओठाला लावले तर दोन्ही तितकेच गार लागतात. खरी ऊब हवी असेल तर लेक्सान प्लास्टिकची रिम घ्यावी. ती थंडीत वाजवणाऱ्यांच्या खरोखर उपयोगाची आहे. स्टेनलेस स्टीलही पितळेपेक्षा उष्णता बरीच कमी नेतं. सोन्याला लोक ऊबदार म्हणतात तेव्हा त्यांना रिमचा मऊपणा, तिचा न खेचणारा स्पर्श जाणवत असावा, असं मला वाटतं. तो स्पर्श खरा आहे. त्याचं तापमानाशी नातं नाही, इतकंच.

आवाजाचं वर म्हटलंच आहे. ट्रम्पेटचा सूर ओठांच्या कंपनातून आणि नळीतल्या हवेच्या स्तंभातून येतो. त्यावर माउथपीसचा परिणाम होतो तो त्याच्या आतल्या आकारामुळे: कपाची खोली, थ्रोटचं, म्हणजे कपाच्या तळाचं, भोक (बाखच्या नेहमीच्या ट्रम्पेट माउथपीसला ३.६६ मि.मी.) आणि बॅकबोर, म्हणजे त्यापुढे रुंदावत जाणारी नळी. मुलाम्याने यातलं काही जाणवण्याइतकं बदलत नाही. वजनातही फरक पडतो तो ग्रॅमच्या एखाद्या अंशाचा. बँडमधल्या दोघांना पाठ करून बसवलं आणि कोणता माउथपीस लावलाय ते न सांगता आलटून-पालटून वाजवलं. दोघांचीही उत्तरं अंदाजपंचे होती. ध्वनिमुद्रण ऐकून मलाही ओळखता आलं नाही. वाजवताना मात्र सोन्यावरचा सूर मला गोल वाटतो. ओठ निवांत असला की आपण आपलाच सूर वेगळा ऐकतो, असं मला यातून दिसतं. त्या निवांतपणाचा फायदा कधीमधी श्रोत्यापर्यंतही पोचत असेल, पण तो वाजवणाऱ्याच्या हातून पोचतो.

चांदी कुठे सरस आहे तेही सांगायला हवं, कारण अशा जागा आहेत. उन्हात उभं राहून किंवा चालत वाजवताना वरच्या ओठावर घाम येतो. घाम आणि सोनं एकत्र आले की रिम हलू लागते. मग ती धरून ठेवायला डावा हात आपोआप दाबू लागतो. दाब वाढला की ओठातलं रक्त अडतं आणि ताकद झपाट्याने संपते. चालताना प्रत्येक पावलाला बसणारा छोटा धक्काही चांदीची रिम जास्त चांगला सोसते. लिप बामचंही तसंच. बाम लावून चांदी झकास वाजते, सोन्यावर मात्र तोच बाम जरुरीपेक्षा जास्त होतो. सोनं घेतल्यापासून मी वाजवण्याआधी बाम लावणं बंद केलं, लावतो तो वाजवून झाल्यावर. बाहेर वाजवायचं असेल तर रुमाल खिशात ठेवतो, आणि संधी मिळेल तेव्हा ओठ आणि रिम दोन्ही पुसून घेतो.

म्हणूनच कुणी विचारलं तर मी आधी त्यांनाच विचारतो: ओठ ओले ठेवून वाजवता की कोरडे? ज्यांचे ओठ मुळातच कोरडे राहतात, ज्यांना तालमीच्या शेवटी रिम खेचल्यासारखी वाटते, त्यांना सोन्याचा फायदा लवकर कळेल. जे ओठ भरपूर ओले करून वाजवतात त्यांना रिम आधीच सरकत असते. त्यांनी उसना घेऊन बघावा, मगच ठरवावं. आणि शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्यांनी यात पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ओठांची बैठक अजून ठरायची असताना चांदीची पकड कामाला येते, माउथपीस रोज त्याच जागी टेकतोय की नाही हे ती कळवत राहते.

सवय व्हायला वेळ लागतो. पहिले काही दिवस ओठांना आधारच नाही असं वाटत राहतं, विशेषतः वरच्या जीच्या पुढे. या काळात कंटाळून पुन्हा चांदीवर जायचं, मग पुन्हा सोन्यावर यायचं, असं केलं तर दोन्हींपैकी एकाचीही सवय नीट होत नाही. लांब सूर हळू आवाजात धरण्याचा सराव मला सगळ्यात उपयोगी पडला. कमी दाबात रिम स्थिर ठेवायला ओठांचे कोपरे शिकतात ते त्यातूनच.

देखभाल सोन्याची सोपी आहे. चांदी काळी पडते, कारण हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी तिची क्रिया होऊन वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. काही प्रकारच्या रबरातही गंधक असतं, त्यामुळे रबराच्या खाचेत ठेवलेला माउथपीस आणखी लवकर काळवंडतो. तो थर पॉलिशने घासून काढला की दर वेळी थोडी चांदीही जाते. त्यापेक्षा भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल अंथरावा, त्यावर माउथपीस टेकवून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालावा. काळेपणा जातो आणि चांदी जागेवर राहते. सोन्याला यातलं काहीच लागत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, आतून माउथपीसचा ब्रश, आणि मऊ फडक्याने कोरडं करणं, बस. सोन्यावर पॉलिशची पेस्ट चुकूनही लावू नये. थर पातळ असतो, घासला की गेला. इतक्या महिन्यांत माझ्या रिमवर आणि कपात झीज दिसत नाही. शँकवर, म्हणजे माउथपीसच्या दांड्यावर मात्र, जिथे तो ट्रम्पेटच्या रिसीव्हरमध्ये घासतो, तिथे सोनं विरळ होऊन खालची चांदी दिसू लागली आहे. वाजवण्यात त्याने काही बिघडत नाही.

हे पाहूनच मला वाटतं की संपूर्ण माउथपीसला सोनं देण्याची गरज नाही. अनेक कंपन्या फक्त रिम आणि कप सोन्याचे आणि बाकी अंग चांदीचं असे माउथपीस बनवतात. यामाहा आणि डेनिस विक यांच्याकडे असे आहेत. ओठ लागतो तिथेच सोनं असलं की झालं. पुढचा माउथपीस मी तसाच घेणार आहे.

कातडीच्या त्रासामुळे सोन्याकडे वळणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सोन्याचा थर सहसा थेट पितळेवर चढवत नाहीत, मध्ये चांदीचा किंवा निकेलचा थर असतो. निकेलची अॅलर्जी बऱ्याच जणांना असते, तेव्हा खाली काय आहे ते बनवणाऱ्याला विचारूनच घ्यावं. वापरलेला माउथपीस घेणार असाल तर रिमची आतली कड उजेडात फिरवून बघा. सोन्याखालून पांढरी रेघ दिसली तर ती चांदी किंवा निकेल असू शकते; चांदी असेल तर चिंता नाही, फक्त त्या जागी पकड वेगळी लागेल. पण मळकट, तपकिरी-पिवळा डाग असेल आणि ओठाला लावल्यावर धातूची चव येत असेल, तर पितळ उघडं पडलंय. त्यात तांबं, जस्त आणि बऱ्याचदा थोडं शिसंही असतं, त्यामुळे पुन्हा मुलामा दिल्याशिवाय असा माउथपीस ओठाला लावू नये.