‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणणाऱ्या दलालापासून सावध राहा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही आठ वर्षं दोन खोल्यांत किरायाने राहत होतो. गेल्या दिवाळीनंतर आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिला खेड्यावरून इकडे आणावं लागलं. पोरगी दहावीत. एका खोलीत आईची खाट, दुसरीत स्वयंपाक आणि तिथेच पोरीचा अभ्यास. मोठं घर पाहणं भागच होतं.

दोन बेडरूमच्या फ्लॅटला किराया साडेसहा हजार, डिपॉझिट 40,000. तेवढी रोकड नव्हती, म्हणून बँकेत कर्ज मागितलं. साहेबांनी पॅन नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझा सिबिल स्कोअर, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्यावरून मिळणारा 300 ते 900 मधला आकडा, 578. 2022 च्या अतिवृष्टीत वावरातलं सोयाबीन आणि कपाशी दोन्ही गेलं, तेव्हा पीककर्ज थकलं होतं. पुढे एकरकमी तडजोडीत ते भरलं, मला वाटलं सुटलो. पण तडजोडीत बँकेने काही रक्कम सोडली, की अहवालात ते खातं ‘क्लोज्ड’ न दिसता ‘सेटल्ड’ दिसतं आणि पुढच्या कर्जाला आडवं येतं, हे तिथे कळलं. कर्ज नाकारलं याचं तेवढं वाईट वाटलं नाही. मागे रांगेत गावातले चार लोक उभे असताना "तुमचं सिबिल खराब आहे" हे मोठ्याने ऐकावं लागलं, ते फार लागलं.

मी कृषी केंद्रात कामाला आहे. तिथे येणाऱ्या एकाने दलालाचा नंबर दिला. माणूस आपल्याच भागातला, बोलणं गोड. "भाऊ, टेन्शन नोका घेऊ. मालक पुण्याले राह्यते, तो किरायदाराचं सिबिल पाह्यते. माहा मानूस हाये आतमंदी, आठ दिवसात साडेसातशे करून देते. डिपाझिटबी कमी करून देतो. फक्त कोनाले सांगू नोका, काम अडकीन."

कोणाला सांगायचं नाही, हे त्याने सांगायचीही गरज नव्हती. सख्ख्या भावालासुद्धा मी बोललो नाही.

फ्लॅट खरंच चांगला होता. किल्ली दलालाच्या हातात होती. बायकोने खिडकीजवळ हाताने मापून आईची खाट कुठे बसेल ते पाहिलं. मी टोकनचे 5,000, डिपॉझिटचे 18,000 आणि ‘सिबिल क्लिअर’चे 12,000 दिले. त्याने नोटरी केलेला करारनामा आणि एक किल्ली दिली. आधार, पॅन आणि माझा सेल्फी घेतला. एका संध्याकाळी "स्कोअर चेक करायले" म्हणून तीन ओटीपी मागितले. तिन्ही सांगितले.

1 तारखेला छोट्या हत्तीत सामान भरून गेलो, तर दाराशी आधीच एक मेटॅडोर उभा होता. त्यात गाद्या, कूलर, देव्हारा. एक ताई आणि त्यांचे दोन लेकरं पायऱ्यांवर बसलेली. त्यांच्याकडेही किल्ली होती, आमच्यासारखीच. कुलूप नवीन होतं, दोन्ही किल्ल्या लागल्या नाहीत. शेजाऱ्यांनी खऱ्या मालकाला फोन लावला. त्यांनी फ्लॅट दाखवायला एक दिवस किल्ली दिली होती, किराया कोणाशीच ठरवला नव्हता. त्यांनी सिबिल हा शब्दही काढला नव्हता. आई दोन तास उन्हात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होती आणि "काय झालं रे" एवढंच विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही.

चार दिवस मी लाजेने गप्प बसलो. ही माझी सगळ्यात मोठी चूक. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तेव्हा रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी फोन केला तोवर खातं रिकामं झालं होतं.

स्वतःचा क्रेडिट अहवाल, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद, ती ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून (सिबिल त्यातलीच एक) वर्षातून एकदा फुकट मिळतो. मी तो काढला, तेव्हा माझ्या नावावर ॲपवरून घेतलेलं 40,000चं कर्ज दिसलं. त्या तीन ओटीपींचा हिशोब तिथे लागला. पोलीस तक्रारीची प्रत जोडून हरकत नोंदवली. तिलाही पैसे लागत नाहीत आणि 30 दिवसांत निकाल द्यावा लागतो. ती नोंद निघाली. माझे 35,000 अजून आले नाहीत.

पैसे घेऊन स्कोअर वाढवणारा ‘आतला माणूस’ कुठेच नसतो. चुकीची नोंद कर्ज देणाऱ्या बँकेच्या खातरजमेनंतरच बदलते, खरी नोंद कोणीच पुसत नाही. आपल्याकडे घरमालक सहसा सिबिल पाहत नाहीत. तुम्हीच त्यांची कर पावती आणि लाइट बिलावरचं नाव पाहा, मालकाशी स्वतः बोला. नोटरीवर भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार नोंदणीकृत लागतो आणि तो करून घेणं मालकाची जबाबदारी आहे.

आता आम्ही एका निवृत्त गुरुजींच्या घरी वरच्या मजल्यावर तीन खोल्यांत राहतो. डिपॉझिट त्यांनी चार हप्त्यांत घेतलं. आईला जिना चढवताना त्रास होतो.

मागच्या आठवड्यात त्या ताईंचा फोन आला. तोच माणूस आता शेजारच्या तालुक्यात फ्लॅट दाखवत फिरतो आहे, नंबर दुसरा आहे.