छोट्या विद्यापीठाचं ग्रंथालय : सात महिन्यांनंतर

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि माझा प्रबंध अजून जमा व्हायचाय.

मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करते. विषय आहे १८७६-७७ चा दुष्काळ आणि त्यात निघालेली पाण्याची कामं. जूनपासून जवळजवळ प्रत्येक शनिवार आणि दिवाळीची अख्खी सुट्टी या ग्रंथालयात गेली. साडेसहाची एस.टी. धरायची, दहाच्या आत तिथे पोचायचं, पिशवी रॅकवर टाकून टोकन घ्यायचं, रजिस्टरात सही. आता वॉचमन सहीसाठी रजिस्टर माझ्याकडे फिरवूनच ठेवतो.

इमारत दोन मजली. लांबून तहसील कचेरीच वाटते. पण बांधणाऱ्याला ऊन कळत होतं. पुस्तकांचं दालन उत्तरेला आहे, जिना आणि बाथरूम पश्चिमेला. त्यामुळे ऑक्टोबरच्या दुपारीसुद्धा कपाटांवर ऊन येत नाही. पावसाचं मात्र त्याला फारसं कळत नसावं. जुलैत एका कोपऱ्यात बादली होती आणि दोन कपाटांवर प्लास्टिकचा कागद. दुष्काळाची पुस्तकं बरोबर त्याच कागदाखाली.

खालची अभ्यासिका एमपीएससीवाल्या मुलामुलींची. सात वाजल्यापासून पाण्याच्या बाटल्या ठेवून जागा धरलेल्या असतात. पुस्तकं त्यांची स्वतःची. ग्रंथालयाकडून हवी असते खुर्ची, पंखा आणि चार्जिंगचा बोर्ड. काही प्राध्यापक यावर नाक मुरडतात. मला राग येत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहणाऱ्या पोराने अभ्यास करायचा कुठे? अडचण एवढीच, की संशोधकांसाठी संदर्भ विभागात दोनच टेबलं उरतात आणि त्यातलं एक डुगडुगतं.

आता मुख्य तक्रार. संगणकावरची पुस्तकांची यादी. मराठी पुस्तकांची नावं बरीच वर्षं रोमन लिपीत चढवली गेली, ज्याला जसं सुचलं तसं. ‘दुष्काळ’ शोधायचा तर पहिल्या उकाराला यू की डबल ओ, ‘ष्’ला एसएच की नुसता एस, ‘का’मध्ये ए एक की दोन? मी वहीत नऊ स्पेलिंगं लिहून ठेवलीत. चार स्पेलिंगांना वेगवेगळी पुस्तकं निघतात, बाकीच्यांना काहीच नाही. मधल्या काळातल्या नोंदी जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेल्या, युनिकोडच्या आधीच्या. त्या पडद्यावर चौकोन आणि उलटीसुलटी चिन्हं होऊन येतात. म्हणजे पुस्तक कपाटात आहे, दाखल क्रमांक आहे, यादीतही आहे, फक्त कुणाला सापडणार नाही अशा रूपात.

म्हणून सांगते, यादीवर विसंबू नका, कपाटांतून फिरा. खुली कपाटं ही इथली सर्वांत मोठी सोय आहे. मांडणी ड्यूईच्या दशांश पद्धतीची, म्हणजे विषयाला क्रमांक आणि क्रमांकाप्रमाणे कपाट, आणि त्या पद्धतीत दुष्काळ एका जागी बसत नाही. उपासमार आणि धान्यपुरवठा ३६३.८ ला, शेतीचं अर्थकारण ३३८.१ ला, धरणं थेट ६२७.८ ला आणि महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ ला. पहिला महिनाभर मी फक्त इतिहासाच्या रांगेत घुटमळत होते. मग एकदा डुगडुगत्या टेबलाला आधार शोधताना धरणांच्या कपाटाशी गेले, तर तिथे पाटबंधारे खात्याचे जुने अहवाल! एकाच्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९९१ चा. मधल्या काळात ते कुणाच्या हातात पडलं असेल तर फक्त झाडणाऱ्याच्या.

गॅझेटिअरचं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्हावार माहितीग्रंथांचं, वेगळं. कॅम्पबेलने संपादित केलेल्या मालिकेतला सातारा जिल्ह्याचा खंड, १८८५ सालचा, कुलपात असतो. ‘नेटवर मिळतं की’ हे माझ्या गाइडांनीही सुनावलं. मिळतं. पण मी उतरवलेल्या स्कॅनमध्ये मजुरांच्या तक्त्यात एका जागी ३ आहे की ८ ते कळेना, आणि माझं एक पान त्या आकड्यावर उभं. संदर्भ विभागातल्या मामांनी खंड आणला, टेबलावर घडी घातलेला टॉवेल अंथरला, त्यावर ठेवला. ‘मॅडम, पेन आत. पेन्सिल चालंल.’ पान उलटताना कोपऱ्याला हात लावू दिला नाही; मधोमध तळहात सरकवून उचलायचं, म्हणाले. कड बिस्किटासारखी तुटते. आकडा ८ होता.

कपाटाची किल्ली मात्र एकच आणि ती मामांकडे. ते रजेवर गेले की कपाटही रजेवर. असे माझे दोन शनिवार वाया गेले, येण्याजाण्याचे मिळून दहा तास एस.टी.त. ग्रंथपाल सरांना सांगितलं, त्यांनी ‘लेखी द्या’ म्हटलं, मी दिलं. किल्ली अजून एकच आहे.

वरच्या मजल्यावर प्रबंधांची खोली आहे, आणि इथे यायचंच झालं तर त्या खोलीसाठी यावं. विद्यापीठ होण्याआधी हे एका मोठ्या विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. तेव्हापासूनचे प्रबंध आणि एम.फिल.चे लघुप्रबंध काळ्या-लाल रेक्झिनच्या बांधणीत उभे आहेत. यूजीसीने २००९ च्या नियमांत पीएच.डी.ची इलेक्ट्रॉनिक प्रत मागितली, तेव्हापासून नवे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जाऊ लागले. त्याआधीचे यातले मला तिथे सापडले नाहीत. एम.फिल. तर २०२२ मध्ये बंदच झालं. म्हणजे त्या कपाटात आता भर पडणार नाही, असलेलं कमी तेवढं होईल. कसर लागायला सुरुवात झालीच आहे. डांबरगोळ्यांचा वास आहे, गोळ्या केव्हाच संपल्यात.

त्यात मला १९८०च्या दशकातला, राजेवाडी तलावावरचा एक लघुप्रबंध सापडला. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडजवळच्या या तलावाचं काम त्या १८७६-७७ च्या दुष्काळातच मजुरांच्या हाताला काम म्हणून सुरू झालं. लिहिणाऱ्याने आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरून, त्यांनी आज्या-पणज्यांकडून ऐकलेलं लिहून घेतलंय. प्रत कार्बनची, अक्षरं पिसारलेली, टाइपरायटरवर नसलेली जोडाक्षरं निळ्या शाईने हाताने भरलेली. कुठल्या गावचा मजूर कुठल्या बाजूच्या भरावावर होता, मजुरीचं धान्य कोण मोजायचं, हे सगळं. ती बोलणारी माणसं आज नाहीत. सरकारी कागदांत ती कधी नव्हतीच. मी ते चार शनिवार बसून उतरवून घेतलं, कारण प्रबंधांची झेरॉक्स मिळत नाही. नियम योग्य आहे, हात मात्र दुखला.

ई-जर्नलचं फार लिहीत नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची एकत्रित वर्गणीची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं. एवढ्याशा विद्यापीठाच्या बजेटमध्ये हे स्वप्नातही नव्हतं. विद्यापीठाच्या नेटवर लेख झटकन उघडतात. वायफाय खिडकीजवळच्या खुर्चीवर चांगलं, संदर्भ विभागात नाही.

दंड दिवसाला एक रुपया, सुट्ट्या पैशांशिवाय घेत नाहीत. बाथरूम स्वच्छ. चहा गेटबाहेर.

जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून मामा आहेत का विचारा. अकराच्या आत किल्ली मागा, नंतर ते चहाला जातात. पेन्सिल दोन न्या, तिथलं शार्पनर मीच नेऊन ठेवलेलं आहे, खिडकीच्या कट्ट्यावर. प्रबंधांच्या खोलीतला दिवा दाराबाहेरच्या बटणाने लागतो.